घरच्या कॉम्प्युटरला विंडोज, मॅक की लिनक्स? आधी अडणारं काम शोधा

२०२५ च्या दिवाळीला आठवडा उरला असताना, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. पुढच्या महिनाभरात आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधले पाच लॅपटॉप माझ्या जेवणाच्या टेबलावर येऊन गेले. मी हिशेबाचं काम करते, दुरुस्तीचं दुकान चालवत नाही. पण सोसायटीचे हिशेब कॉम्प्युटरवर मी आणले आणि तेव्हापासून बिल्डिंगमधलं कुठलंही मशीन रुसलं की ते माझ्याकडे येतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना दुकानात सांगितलं होतं, "हा लॅपटॉप आता बाद झाला, नवीनच घ्या." काकू पेन्शनवर घर चालवतात. लॅपटॉप व्यवस्थित सुरू होत होता, स्क्रीन स्वच्छ होती, कीबोर्डचं एकही बटण निखळलेलं नव्हतं.

"काकू, तुम्ही यावर काय काय करता ते सांगा बरं."

"मी काय करणार गं? भजनी मंडळाचा जमाखर्च, पेन्शन जमा झाली का ते बघायचं, आणि रविवारी नातवाशी व्हिडिओ कॉल."

"हयातीचा दाखला यावरूनच काढता का?"

"नाही, तो आता पुतण्या त्याच्या फोनवर माझा चेहरा दाखवून काढतो."

एवढ्यावर निम्मा प्रश्न सुटला होता. काकूंचं एकही काम विंडोजवाचून अडणारं नव्हतं. ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे विंडोज, मॅक किंवा लिनक्ससारखी कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली, निवडताना लोक आधी "सगळ्यात चांगली कोणती" असं विचारतात आणि मग भाचा, दुकानदार, ऑफिसमधला मित्र यांची तीन वेगळी उत्तरं घेऊन गोंधळतात. माझ्या अनुभवात प्रश्न वेगळा विचारावा लागतो: या घरातलं कुठलं काम अडलं तर घर अडेल? त्या एका कामाचं उत्तर मिळालं की बाकीची निवड बरीचशी आपोआप होते.

आठवडाभर एक वही

कॉम्प्युटरशेजारी एक वही ठेवा. घरातल्या प्रत्येकाने त्यावर काय केलं ते आठवडाभर त्यात लिहायचं. काम कोणतं, ते कोणत्या प्रोग्राममध्ये केलं, आणि ते क्रोम किंवा फायरफॉक्ससारख्या ब्राउझरमध्येच झालं का, एवढ्या तीनच गोष्टी.

आठवड्याने वही उघडली की बहुतेक घरांत एकच चित्र दिसतं. नेट बँकिंग, विजेचं बिल, रेल्वेचं तिकीट, व्हॉट्सॲप वेब, यूट्यूब, मुलांचे ऑनलाइन क्लास, शेअर्सचं खातं, साधं आयकर रिटर्न हे सगळं ब्राउझरमध्ये चालतं. ब्राउझर सगळीकडे सारखाच, त्यामुळे या कामांना खाली विंडोज आहे की लिनक्स याने काही फरक पडत नाही.

उरलेल्या कामांकडे मात्र नीट बघा. मुंबईतल्या मराठी घरांत मला जी कामं पुन्हा पुन्हा अडताना दिसली, ती अशी.

टॅली. घरातलं कोणी दुकानाचे किंवा क्लायंटचे हिशेब टॅलीत लिहीत असेल तर विंडोज ठेवा, जास्त विचार करू नका. टॅली विंडोजसाठीच बनतं. मॅक किंवा लिनक्सवर ते चालवायच्या युक्त्या आहेत, पण मार्चअखेरीस युक्तीवर विसंबून राहू नये.

सीएकडून येणाऱ्या एक्सेलच्या फाइली. साध्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे वर्ड-एक्सेलची कामं करणाऱ्या मोफत प्रोग्राममध्ये, छान उघडतात. बटणं दाबली की आपोआप हिशेब करणाऱ्या, म्हणजे मॅक्रो असलेल्या फाइली मात्र तिथे बऱ्याचदा रुसतात. मायक्रोसॉफ्टचं एक्सेल मॅकवर मिळतं, पण काही मॅक्रो तिथेही चालत नाहीत.

डिजिटल सहीचं यूएसबी टोकन. घरात कोणी कंपनीचा संचालक असेल किंवा सरकारी टेंडर भरत असेल तर हे टोकन असतं. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कॉम्प्युटरला ओळखता यावं म्हणून लागणारा छोटा प्रोग्राम, तुम्हाला हव्या त्या सिस्टिमसाठी मिळतो का, हे टोकन देणाऱ्याला आधी विचारून घ्या.

आणि जुन्या फाँटमधलं मराठी. यावर जरा थांबते, कारण याबद्दल आधी कोणीच सावध करत नाही. आपल्याकडची गणेशोत्सव मंडळं, सोसायट्या, पतपेढ्या, लग्नपत्रिका छापणारे यांच्याकडे पंधरा-वीस वर्षांच्या फाइली युनिकोड (सगळीकडे सारखंच दिसणारं आजचं मराठी टायपिंग) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या आहेत. अशा फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात आणि फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. तो फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की "गणेशोत्सव" च्या जागी कंस, टिंबं आणि प्रश्नचिन्हांची रांगोळी दिसते. आमच्या गल्लीतल्या मंडळाचे सगळे जुने वार्षिक अहवाल असे एका संध्याकाळी वाचेनासे झाले. ते पुसले गेले नव्हते, फक्त फाँट मागे राहिला होता. म्हणून सिस्टिम बदलण्याआधी, जुन्या मशीनवर असतानाच, अशी प्रत्येक महत्त्वाची फाइल उघडून पीडीएफ करून ठेवा आणि फाँटच्या फाइलीही पेन ड्राइव्हवर घ्या. मजकूर पुढे बदलावा लागणार असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं मिळतात. रूपांतर झाल्यावर एकदा नजरेखालून घाला, जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात.

याशिवाय फोटोशॉप, मोठे गेम, शिवणयंत्रावर भरतकामाचं डिझाइन पाठवणारा प्रोग्राम अशी कामं असतात. वहीत असं एखादं काम निघालं तर त्याच्याभोवती लाल गोल करा. लाल गोल एकही नसेल तर तुमचा हात मोकळा आहे.

मशीन काय आहे ते बघा

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडलं की दोन ओळी दिसतात: प्रोसेसर आणि रॅम. वहीच्या शेवटच्या पानावर त्या लिहून घ्या.

इंटेलचा प्रोसेसर असेल तर आय ५ किंवा आय ३ नंतर येणारा आकडा महत्त्वाचा. ७२०० असेल तर सातवी पिढी, ८२५० असेल तर आठवी, ११३५ असेल तर अकरावी. विंडोज ११ ला ढोबळमानाने आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. एएमडीच्या रायझनमध्ये बहुतेक २००० मालिकेपासून पुढचे चालतात. शिवाय किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. हे सगळं तपासायला मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा मोफत प्रोग्राम आहे. "टीपीएम नाही" असा निकाल आला म्हणून लगेच हार मानू नका. बऱ्याच मशीनमध्ये टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या मशीनवर ते पीटीटी या नावाने सापडतं, एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम या नावाने.

आता रॅम आणि डिस्क. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, विंडोज ११ वर सुखाने काम करायला ८ जीबी रॅम हवी. आणि मशीनमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल, सुरू व्हायला चहा होईपर्यंत वेळ लागत असेल, तर कुठलीही सिस्टिम घेण्याआधी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. माझ्या टेबलावर आलेल्या पाचांपैकी दोन लॅपटॉपचा आजार तेवढाच होता. लॅमिंग्टन रोडवर, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत पाच-दहा मिनिटांवर, हे काम समोर उभं राहून करून घेता येतं. जुनी डिस्क मात्र परत मागून घ्या. तिचं काय करायचं ते शेवटी येतंच.

आता निवड

मशीन विंडोज ११ च्या अटीत बसतं आणि वहीत लाल गोल आहे: विंडोज ११ वर जा. मूळ परवान्याचं विंडोज १० असेल तर हा बदल मोफत होतो. घरातलं मूल एमएस-सीआयटी करणार असेल तरी विंडोजच सोयीचं पडतं, कारण क्लासमध्ये समोर तेच असतं.

लाल गोल आहे पण मशीन अटीत बसत नाही: इथे घाई नको. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेण्याची सोय दिली आहे. मशीनवर विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती हवी, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप तिथे ठेवला तर पैसेही पडत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावरच नावनोंदणीचा दुवा दिसतो. तेवढ्या वेळात पुढची तजवीज होते. अपडेट थांबले तरी विंडोज १० एका रात्रीत बंद पडत नाही, हेही खरं. पण नव्याने सापडणारी भोकं बुजवली जात नाहीत आणि अँटिव्हायरसने ती कसर भरून निघत नाही. ज्या मशीनवर बँकेचा पासवर्ड टाइप होतो, तिथे हा धोका पत्करू नका.

"अटी वगळून विंडोज ११ टाकून देतो" असं सांगणारे बाजारात भेटतील. ते टाकता येतं. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि क्रॅक केलेलं विंडोज तर घरात आणूच नका. कुलूप फोडून देणाऱ्या त्या छोट्या प्रोग्रामबरोबर आणखी काय आत शिरलं, हे तुम्हाला कधीच कळत नाही.

मॅक: चांगलं यंत्र, शांत चालतं, बॅटरी टिकते आणि आयफोन वापरणाऱ्या घरात फोटोंची ने-आण सोपी होते. पण घेण्याआधी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. ॲपलने नोव्हेंबर २०२० पासून स्वतःच्या एम मालिकेच्या चिप वापरायला सुरुवात केली, आणि २०२५ ची मॅकओएस टाहो ही इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे. म्हणून जुन्या बाजारात इंटेलचं मॅकबुक कितीही स्वस्त दिसलं तरी सोडून द्या. दुसरं, मॅकबुकची रॅम नंतर वाढवता येत नाही, जी घ्यायची ती पहिल्याच दिवशी. आणखी एक रोजचा त्रास: विंडोजवर एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवरून मॅक फाइली वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे न्यायची डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा.

क्रोमओएस फ्लेक्स: गुगलची ही मोफत सिस्टिम ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवरही चालते. वहीत ब्राउझरशिवाय काहीच नसेल, वापरणारे आजी-आजोबा असतील, तर हिचा जरूर विचार करा. यावर प्ले स्टोअरची ॲप मिळत नाहीत, हे मात्र त्यांना आधी सांगा.

लिनक्स, जरा सविस्तर

लिनक्सच्या गाभ्यापासून सुरुवात करायची तर लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचं काम १९९१ मध्ये सुरू केलं. त्या गाभ्यावर वेगवेगळ्या लोकांनी शेकडो सिस्टिम उभ्या केल्या. सी-डॅकने बनवलेली बॉस ही आपल्या देशातली. उबुंटू २००४ पासून आहे. या गर्दीत घरच्या माणसासाठी मी एकच नाव सांगते: लिनक्स मिंट. खाली डावीकडे मेन्यू, खाली पट्टी, उजव्या कोपऱ्यात घड्याळ, म्हणजे वर्षानुवर्षं विंडोज वापरलेल्या हाताला ते परकं वाटत नाही. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. २ जीबी रॅमवरही ते सुरू होतं, ४ जीबीवर बरं चालतं. मशीन फारच अशक्त असेल तर त्याची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, नाहीतर सिनॅमन.

लिनक्सचा सगळ्यात मोठा फायदा असा की मशीनला हात न लावता ते वापरून बघता येतं.

प्रथम, लॅपटॉपच्या डिस्कला बिटलॉकरचं कुलूप आहे का ते बघा. असेल तर मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बायोसमध्ये काही बदललं की विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर तुमच्याच फाइली तुम्हाला परक्या होतात.

मग मिंटच्या स्वतःच्या वेबसाइटवरून आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम भरलेली एकच फाइल) उतरवा, साधारण ३ जीबीची असते. ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका. रुफस किंवा बलेना एचर या मोफत प्रोग्रामने ती फाइल पेन ड्राइव्हवर चढवा.

लॅपटॉप बंद करून पेन ड्राइव्ह लावा. सुरू करताच बूट मेन्यूचं बटण टपटप दाबत राहा. डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ १२, एचपीला एफ ९, असूसला एस्केप किंवा एफ ८. यादीतून पेन ड्राइव्ह निवडा. दोनेक मिनिटांत मिंट समोर येतं. डेस्कटॉपवर "इन्स्टॉल" असं चित्र दिसेल, त्याला आज हात लावू नका.

आता तपासणी, आणि ती घाईत उरकू नका. वाय-फाय जोडा. यूट्यूबवर एखादा अभंग लावून आवाज ऐका. कॅमेरा सुरू करून बघा. बँकेच्या साइटवर लॉगिन करा. झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा, मशीन जागं होतं का बघा. टीव्हीला जोडत असाल तर केबल लावून बघा. पेन ड्राइव्हवरून सगळं हळू चालणार, वेगावरून मत बनवू नका.

आणि प्रिंटर लावून खरंच एक कागद छापा. पहिल्या मजल्यावरच्या घरात मी हे केलं नव्हतं. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरचे ड्रायव्हर मिंटमध्ये आधीच असतात, तसं यांचंही होईल असं धरून चालले. त्यांचा जुना लेझर प्रिंटर दुसऱ्या कंपनीचा निघाला, स्वतःच्या खास भाषेत बोलणारा. दोन संध्याकाळी गेल्या, पान बाहेर आलं नाही, आणि त्यांच्या मुलीचा प्रोजेक्ट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. शेवटी मी तो माझ्या मशीनवर छापून दिला आणि त्यांच्याकडे विंडोज परत टाकलं. दहा मिनिटांची चाचणी आधी केली असती तर त्या घराचे दोन दिवस वाचले असते.

मराठी टाइप करून बघा

विंडोज ११ मध्ये भाषेच्या सेटिंगमधून मराठी जोडली की इनस्क्रिप्ट या ठरावीक देवनागरी मांडणीबरोबर मराठी फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांतून टाइप करायचा, कीबोर्डही मिळतो. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून भाषा बदलते. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडायचा, तिथेही फोनेटिक पर्याय आहे. मॅकवर देवनागरीचे कीबोर्ड अंगचेच येतात.

कीबोर्ड कोणताही घ्या, हे शब्द त्यावर टाइप करून बघा: ज्ञानेश्वरी, वऱ्हाड, तऱ्हा, ॲप, ऑफिस, कर्तृत्व, क्षुल्लक. वऱ्हाडातला तो चंद्रकोरीसारखा र आला आणि ॲप नीट उमटलं तर कीबोर्ड कामाचा. फोनेटिक सगळीकडे थोडं थोडं वेगळं असतं. इनस्क्रिप्ट मात्र तिन्ही सिस्टिमवर जवळपास एकच, म्हणून रोज मराठी लिहिणाऱ्याने महिनाभर मेहनत घेऊन इनस्क्रिप्ट शिकावं असं मला मनापासून वाटतं. मग सिस्टिम बदलली तरी बोटांना नव्याने शिकावं लागत नाही.

लिब्रेऑफिस नवं वाटत असेल तर पवईच्या आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे मोफत धडे मराठीतूनही आहेत. काकूंनी जमाखर्चाची बेरीज तिथेच बघून शिकली.

बदल करायचा दिवस

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो हे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या. ब्राउझरचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्डही घ्या, ते विसरतातच. टॅली असेल तर त्याचा डेटा फोल्डर वेगळा. कॉपी झाली म्हणून थांबू नका, दुसऱ्या मशीनवर त्यातल्या दहा फाइली उघडून बघा. डेस्कटॉप कॉम्प्युटर असेल तर तो यूपीएसवर ठेवूनच काम सुरू करा. मुंबईत वीज सहसा जात नाही, पण १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी जवळपास अख्ख्या शहराची गेली होती.

माझी पद्धत अशी: जुनी डिस्क काढून घ्यायची आणि नवी सिस्टिम कोऱ्या एसएसडीवर टाकायची. त्यामुळे इन्स्टॉल करताना "सगळं पुसा" या पर्यायावर बोट ठेवायला भीती वाटत नाही, पुसायला त्यावर काही नसतंच. मिंट टाकल्यावर टाइमशिफ्ट सुरू करून ठेवा. उद्या एखाद्या अपडेटने बिघडलं तर सिस्टिम आदल्या दिवसाच्या स्थितीत नेता येते.

पहिले पंधरा दिवस वही पुन्हा शेजारी ठेवा. जे काम अडेल ते त्यात लिहा. काकूंच्या वहीत पंधरा दिवसांत दोनच ओळी आल्या: "अक्षर बारीक दिसतं" आणि "नातवाला माझा आवाज येत नाही". पहिलं सेटिंगमध्ये अक्षर मोठं करून मिटलं, दुसऱ्यासाठी माइक बदलून निवडावा लागला.

जुन्या डिस्कवर तारीख आणि घरातल्या माणसाचं नाव लिहून ती झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे कपाटातल्या चामड्याच्या चपलांनाही बुरशी येते. निदान एक आयकर रिटर्न नव्या मशीनवरून भरून होईपर्यंत ती पुसू नका आणि कोणाला देऊही नका. काकूंची डिस्क अजून माझ्याच कपाटात आहे.